सवलतीचे मोल

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे वडील माणसे सांगत आली आहेत. हा उपदेश गाईपुरता योग्य असेल; प्रवासात मिळणाऱ्या सवलतींना मात्र तो लावता येत नाही. एस.टी.चे अर्धे तिकीट असो, विमान कंपनीने खात्यावर जमा केलेले मैल असोत किंवा हॉटेलवाल्याने दिलेले पॉइंट असोत, यांपैकी कोणतीच वस्तू धर्माची नव्हे. अर्ध्या तिकिटाची उरलेली रक्कम सरकारी तिजोरीतून, म्हणजे लोकांनी भरलेल्या करांतून, महामंडळास द्यावयाची असते. आणि मैल व पॉइंट यांचा खर्च तिकिटाच्या, खोलीच्या व दुकानातील मालाच्या किमतीत आधीच मिसळलेला असतो. ज्याची किंमत कोणीतरी भरलेली आहे त्याचे दात मोजण्यात संकोच कसला? भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांतील प्रवाशाने तर ते अवश्य मोजावेत. कारण त्याच्या वाट्याला सवलती पुष्कळ आणि गाड्या थोड्या, अशी स्थिती आहे.

या दोन तालुक्यांची ठेवण ध्यानी घेतल्यावाचून ही गोष्ट उमगावयाची नाही. पुण्याहून दक्षिणेस निघालेल्या महामार्गावर चेलाडी फाटा लागतो. तेथून नसरापूर, मार्गासनी असे करीत वेल्ह्यास रस्ता जातो. थोडे पुढे कापूरहोळ येते व तेथून भोरचा रस्ता फुटतो. इथवर दळणवळणाची तक्रार करण्यासारखे फारसे नाही. परंतु भोरपलीकडे हिर्डोशीच्या खोऱ्यात वरंध घाटाच्या दिशेने, किंवा वेल्ह्यापलीकडे केळदच्या बाजूस मढे घाटाच्या दिशेने जसजसे जावे तसतशी वस्ती विरळ होते आणि गाडीच्या दोन फेऱ्यांमधील अंतर वाढत जाते. वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मान्यता दिली. लोकांच्या तोंडी मात्र वेल्हे हेच नाव घट्ट बसलेले आहे. भोर हे तर पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. ८ मार्च १९४८ रोजी ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्याच वर्षी १ जून रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस.टी.ची पहिली गाडी सुटली. एका राजवटीचा अस्त आणि लाल गाडीचा उदय एकाच वर्षी व्हावा, हा योगायोग मोठा गमतीचा खरा.

आता एस.टी.च्या सवलतींकडे वळावे. वयाची पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्यांस पंचाहत्तरीपर्यंत अर्धे भाडे पडते. पंचाहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांस २६ ऑगस्ट २०२२ पासून भाडे माफ झाले. १७ मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या स्त्रियांस अर्ध्या भाड्यात प्रवास करता येऊ लागला. खेड्यांतील शाळकरी मुलींसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाची मोफत पासाची योजना आहे, व डोंगराळ मुलखात तिचे मोल इतर सर्व सवलतींहून अधिक मानावे लागेल. कारण तो पास नसता तर कित्येक मुलींचे शिक्षण गावच्या शाळेची शेवटची इयत्ता जिथे संपते तिथेच संपले असते. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत, आणि त्या एस.टी.च्या आहेत. पुण्यातील पीएमपीच्या गाडीत एस.टी.चे अर्धे तिकीट मागणाऱ्या वृद्धेची व वाहकाची जी हुज्जत होते, ती दोघांच्याही दृष्टीने व्यर्थ असते. वयाचा दाखला म्हणून आधारकार्ड बरोबर ठेवावे, आणि त्यावरील जन्मतारीख खरी आहे ना हे घरीच पाहून घ्यावे. जुन्या पिढीतील पुष्कळांच्या जन्मतारखा शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने लिहिलेल्या आहेत. अशा एका अंदाजामुळे एखाद्यास पंचाहत्तरी दोन वर्षे उशिरा गाठावी लागते.

परंतु अर्ध्या भाड्याची गाडी आलीच नाही, तर त्या अर्ध्याचे काय करावयाचे? ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप लांबला, तेव्हा हा प्रश्न घरोघर पडला. वृद्धांच्या सवलतीचा कागद जागच्या जागी होता, आणि त्याच वृद्धांना दवाखान्यात जावयाचे तर जीपवाल्यास तो मागेल ते पैसे मोजावे लागत होते. तेव्हा सवलतीचे खरे मोल काढताना भाड्याच्या आकड्यापूर्वी वेळापत्रकाकडे पाहावे. डोंगरातील गावास सर्वांत मोलाची गाडी म्हणजे मुक्कामी गाडी. ती रात्री गावात येऊन राहते व पहाटे निघते. त्यामुळे पुण्यातील दवाखान्याचे किंवा कचेरीचे काम आटोपून त्याच दिवशी परत येता येते. ही गाडी चुकली तर अर्ध्या तिकिटात वाचलेले पैसे चहा, जेवण आणि क्वचित नातेवाइकाकडील मुक्काम यांत निघून जातात. ज्या गावात मुक्कामी गाडी बंद पडते, तेथे सवलत नावापुरतीच उरते. अशा वेळी ग्रामपंचायतीचा ठराव करून तो आगारप्रमुखांकडे द्यावा, शाळेतील मुलांची संख्या त्यात लिहावी, आणि गाडी सुरू झाल्यावर ती रिकामी जाऊ देऊ नये. उत्पन्न नसलेली फेरी फार दिवस टिकत नाही, हे कटू असले तरी खरे आहे.

पासांचा हिशेब याहून नाजूक आहे, व तो बहुतेक लोक करीत नाहीत. महामंडळाच्या मासिक पासात वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो. भोरहून शिरवळच्या कारखान्यात महिन्यातून पंचवीस दिवस जाणारा पुरुष कामगार यात पाच दिवसांचे भाडे वाचवितो. आजारपण किंवा लग्नसराई यांमुळे त्याचे पाच दिवस बुडाले की बरोबरी होते, आणि सहा बुडाले की तोटा. त्याच कारखान्यात जाणारी त्याची बहीण रोजचे अर्धे तिकीट काढते, म्हणजे पंचवीस दिवसांचे साडेबारा दिवसांचेच भाडे देते. तिने भावाचे पाहून पूर्ण दराचा पास काढला, तर वीस दिवसांचे भाडे भरून ती उलट नुकसानीत जाते. एका घरातील दोन माणसांस एकच सवलत लाभदायक नसते, याचे इतके सोपे उदाहरण दुसरे सापडणार नाही.

हीच गोष्ट ‘आवडेल तेथे प्रवास’ या पासाची. ही योजना १९८८ पासून चालू आहे. चार किंवा सात दिवसांचे एकदाच पैसे भरावयाचे आणि त्या दर्जाच्या एस.टी.ने राज्यात हवे तेथे फिरावयाचे. पासाचे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून आगारात विचारूनच घ्यावेत. हिशेबाच्या सोयीसाठी साध्या गाडीचा चार दिवसांचा पास १,४०० रुपयांस आणि सहा किलोमीटरच्या एका टप्प्याचे भाडे १० रुपये धरले, तर १४० टप्पे, म्हणजे ८४० किलोमीटर प्रवास झाल्यावर पासाचे पैसे फिटतात. रोज २१० किलोमीटर झाले. भोरहून निघून कोल्हापूर, पंढरपूर, तुळजापूर असा फेरा करणाऱ्या पूर्ण भाड्याच्या प्रवाशास हे सहज साधते. अर्ध्या भाड्याच्या प्रवाशास मात्र तोच पास फिटण्यासाठी दिवसास ४२० किलोमीटर गाडीत बसून राहावे लागेल. मग देवदर्शन खिडकीतूनच घ्यावयाचे काय? पंचाहत्तरी ओलांडलेल्याने हा पास काढण्याचे तर प्रयोजनच नाही.

तोरणा व राजगड यांच्यामुळे या भागात शहरांतून येणाऱ्या हौशी मंडळींसाठी हल्ली ठरीव रकमेचे सौदे निघाले आहेत. धरणाच्या काठी तंबूत एक रात्र, किंवा पुण्यापासून पुण्यापर्यंत किल्ला दाखविण्याचे अमुक रुपये, असे त्यांचे स्वरूप असते. त्यांत वावगे काही नाही. मात्र रकमेत गाडी, जेवण, वाटाड्या यांपैकी काय धरले आहे आणि पावसामुळे बेत रहित झाल्यास पैसे परत मिळतात की पुढील तारीख मिळते, हे लेखी घ्यावे. १,४०३ मीटर उंचीचा तोरणा चढावयाचा तर वेल्ह्यापर्यंत एस.टी.ने यावे, गावातील घरी पिठलेभाकरी सांगावी आणि गावचाच माणूस वाटेस घ्यावा. हा सौदा पुष्कळदा स्वस्त पडतो, व त्यातले पैसे वेल्ह्यात राहतात.

एस.टी.पासून विमानापर्यंतची उडी मोठी वाटेल. पण या तालुक्यांतील कुटुंबांनी ती कधीच घेतली आहे. पूर्वी घरटी एक माणूस मुंबईस असे, आता एखाद्या घरचा मुलगा दुबईस तर एखादी मुलगी अमेरिकेत असते, आणि नातवंडाच्या बारशाला आजीआजोबा विमानाने निघतात. तेथे त्यांची गाठ मैलांशी पडते. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली: जितके मैल उडावे तितके खात्यावर जमा, आणि पुरेसे साठले की एक तिकीट बक्षीस. दोन वर्षांत हॉटेलांनी तिचे अनुकरण केले. पुढे मोजमाप पालटले. पुष्कळ कंपन्या आता अंतराऐवजी तिकिटास मोजलेल्या पैशांवर पॉइंट देतात, व एअर इंडियानेही २०२४ साली तोच मार्ग धरला. नाव मैलांचे राहिले. मोजपट्टी रुपयांची झाली.

हे मैल म्हणजे एक प्रकारचे चलन होय, परंतु त्याचा भाव ठरविण्याचा अधिकार ते काढणाऱ्याच्याच हाती असतो. देणाऱ्याचा फायदा बऱ्याच अंशी घेणाऱ्याच्या आळसावर अवलंबून असतो. शंभरांनी जमविले आणि साठांनीच वापरले तर त्याचे गणित जमते. सगळ्यांनीच वापरावयाचे ठरविले म्हणजे काय होते, ते १९९२ साली इंग्लंडात दिसून आले. केर ओढण्याची यंत्रे करणाऱ्या हूवर कंपनीने शंभर पौंडांच्या खरेदीवर परदेशप्रवासाची दोन विमानतिकिटे फुकट देण्याची जाहिरात केली. प्रथम युरोपची आणि पुढे अमेरिकेचीही. गिऱ्हाईक अर्जांच्या किचकटपणाने कंटाळेल, अशी कंपनीची अटकळ होती. गिऱ्हाईक कंटाळले नाही. यंत्र नको असलेल्या लोकांनीही यंत्रे घेतली, कंपनीस सुमारे पाच कोटी पौंडांचा फटका बसला, तिकिटे न मिळालेल्यांचे खटले कित्येक वर्षे चालले, आणि १९९५ साली कंपनीचा युरोपातील व्यवहार इटलीच्या कँडी कंपनीकडे गेला. तेव्हापासून अशा योजनांच्या अटी बारीक अक्षरांत आणि फार काळजीपूर्वक लिहिल्या जातात.

म्हणून मैल साठवून ठेवण्यात शहाणपण नाही. ते दाण्यांच्या कणगीसारखे समजावेत. फार दिवस ठेवले की कीड लागते. काही कंपन्यांत तीन वर्षांनी ते रद्द होतात, आणि रद्द झाले नाहीत तरी तिकिटास लागणारे मैल वाढत जातात. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने थांबली. तिचे मैल सांभाळणारी संस्था निराळी असल्याने खाती तात्काळ बुडाली नाहीत. परंतु ज्या विमानात बसण्यासाठी ते जमविले, ते विमानच उरले नाही. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या सभासदांचे पॉइंट नव्या खात्यात वर्ग झाले आणि त्यांचा प्रवास नव्या नियमांनी सुरू झाला. केवळ खाजगी कंपन्याच असे करतात असेही नाही. आगगाडीत साठीच्या पुरुषांस चाळीस टक्के व अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रियांस पन्नास टक्के सूट होती. ती मार्च २०२० मध्ये काढून घेण्यात आली, आणि पुढे वर्षामागून वर्षे गेली तरी वृद्धांना पूर्ण तिकीट काढावे लागले.

मैलाचे मोल काढण्यास शाळेतील त्रैराशिक पुरते. रोख तिकिटाच्या किमतीतून बक्षीस तिकिटावर भरावे लागणारे कर व इतर आकार वजा करावेत आणि बाकीस लागलेल्या मैलांनी भागावे. समजा, सिंगापूरचे तिकीट रोख १८,००० रुपयांस आहे. तेच घेण्यास ३०,००० मैल आणि शिवाय ४,००० रुपये पडतात. वाचले १४,०००, मैल गेला सुमारे सत्तेचाळीस पैशांस. समजा, अमेरिकेचे तिकीट रोख ९०,००० आहे व बक्षीस म्हणून ७०,००० मैल आणि १३,००० रुपये लागतात. वाचले ७७,०००; मैल गेला एक रुपया दहा पैशांस. आणि समजा, त्याच खात्यावरचे ३०,००० मैल देऊन ६,००० रुपयांचा मिक्सर घेतला, तर मैल वीस पैशांस विकला. मिक्सर भोरच्या बाजारपेठेतही मिळतो. या हिशेबात एक फसगत मात्र संभवते. पाय पसरून निजता येईल अशा उंची वर्गाचे तिकीट अडीच लाखांचे, म्हणून मैल तीन रुपयांस खपला, असे सांगून कित्येक लोक आनंद मानतात. जे तिकीट त्यांनी रोखीने जन्मात घेतले नसते, त्याची छापील किंमत जमेस धरणे म्हणजे स्वप्नातील धनाची वही लिहिणे होय. गुडघे धरलेल्या आजींसाठी मुलाने तसेच तिकीट मैल देऊन काढले, तर ती गोष्ट निराळी. ते मोल पैशांत काढण्याचे कारण नाही.

बँकांच्या उधारीच्या कार्डांवरही मैल मिळतात, व सर्वांत मोठा खड्डा तेथेच आहे. शंभर रुपयांच्या खरेदीवर साधारणतः रुपयाभराचे पॉइंट मिळतात. बिल मुदतीत पुरते भरले नाही तर महिन्यास साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढते; वर्षाचे बेचाळीस झाले. अशा व्याजाने फुकट विमानात बसणाऱ्यापेक्षा सावकाराकडून कर्ज काढून पालखीत बसणारा अधिक सुज्ञ म्हणावा लागेल. ज्याचे बिल दरमहा आपोआप पुरते चुकते होते, त्यानेच या खेळात पडावे.

वृद्ध आईबापांस बोलावणाऱ्या मुलांनी आणखी एका स्वस्ताईपासून जपावे. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन सुटी तिकिटे जोडली की प्रवास पुष्कळ स्वस्त झालेला दिसतो. परंतु पहिले विमान तीन तास उशिरा पोहोचले तर दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी राहत नाही. तिकीट बुडते, आणि परक्या विमानतळावर, परक्या भाषेत, लोणच्याच्या बरणीसह ते दाम्पत्य उभे राहते. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पुढील विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीची असते, आणि सामानही बहुधा शेवटच्या मुक्कामी एकदाच घ्यावे लागते. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागावी. तिचे निराळे पैसे सहसा पडत नाहीत, आणि ती ढकलणारा माणूस हाच खरा वाटाड्या असतो. मुलाच्या खात्यावर मैल असतील तर त्यांतून आईबापांचे तिकीट बहुतेक कंपन्यांत काढता येते. त्यासाठी महिनोन्‌महिने आधी पाहावे, कारण बक्षीस म्हणून ठेवलेल्या जागा मोजक्या असतात. रोखीने तिकीट काढले असल्यास दोघांचीही स्वतंत्र खाती निघण्यापूर्वी उघडावीत. पारपत्रावर नाव असेल अगदी तसेच खात्यावर लिहावे. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे पतीचे नाव मध्ये, तिसरीकडे तेच गाळलेले, असा जो घोळ मराठी नावांचा होतो, त्यापायी जमा व्हावयाचे मैल अडकून पडतात. विमानात चढण्याची चिठ्ठी परत आल्यावर काही महिने जपून ठेवावी. मैल जमा झाले नसल्यास तीच पुरावा ठरते.

एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स नावाच्या कंपन्यांच्या मेळात आहे. त्यामुळे तिचे पॉइंट लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्स, युनायटेड अशा भागीदारांच्या विमानांतही वापरता येतात, आणि त्यांच्या विमानांतून केलेल्या प्रवासाचे तिच्या खात्यात घालता येतात. वर्षाआड एकदाच जाणाऱ्याने तीन कंपन्यांत तीन खाती उघडून थोडे थोडे विखरून ठेवण्यापेक्षा सर्व एकाच ठिकाणी जमवावे, म्हणजे मुदत सरण्यापूर्वी निदान मुंबई-दिल्लीचे एखादे तिकीट तरी पदरात पडते.

परतीच्या वाटेवर असे कुटुंब मध्यरात्री मुंबईस उतरते, पहाटे पुणे गाठते आणि स्वारगेटला भोरची गाडी धरते. वाहक आजोबांचे आधारकार्ड पाहून त्यांना शून्य रुपयांचे तिकीट यंत्रातून काढून देतो, आजींना अर्धे देतो. भोरला पोहोचेपर्यंत हिर्डोशीच्या बाजूची सकाळची गाडी गेलेली असते. पुढची दुपारी आहे की थेट संध्याकाळी, हे अमेरिकेत बसलेल्या मुलाला त्याच्या फोनवर दिसत नाही. स्थानकातील चौकशीच्या खिडकीशी जाऊन विचारावे लागते.